भूक इथली, शिक्षण तिथलं

प्रश्न : माझी मुलगी गृहविज्ञानाची पदवीधर. पदवीनंतर दोन वर्षं तिने धडगाव भागात एका संस्थेतर्फे अंगणवाड्यांचं काम केलं. आता तिला लंडनमध्ये पोषण आणि सार्वजनिक आरोग्य या विषयात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. घरात आनंद आहे, पण माझे वडील (वय ८४) एकच गोष्ट धरून बसले आहेत. "उपाशी पोरं आपल्या सातपुड्यात, आणि ही शिकायला विलायतेला? तिथे कोण उपाशी आहे? आणि खायचं कसं हे शिकायला विमान कशाला लागतं?" खरं सांगायचं तर मलाही उत्तर देता आलं नाही. तिथे नेमकं काय शिकवतात? नंतर तिकडे आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी मिळते का? आणि यासाठी कर्ज काढावं का?
– एक निवृत्त शिक्षक, शहादा

उत्तर : गुरुजी, आधी तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. परदेशी शिक्षणाबद्दल मला येणाऱ्या पत्रांत व्हिसा, फी आणि राहण्याची सोय याच गोष्टी असतात. आजोबांचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. अर्ज भरण्याआधी खरं तर प्रत्येकाने तोच विचारायला हवा. मी हा विषय लंडनमध्येच शिकले, त्याला बरीच वर्षं झाली. नंतरचं काम मेळघाटात आणि पालघरमध्ये. दोन्हीकडचं जे पाहिलं त्यावरून लिहिते.

आजोबांच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू. खायचं कसं, हे तिथे शिकवत नाहीत. भाकरीबरोबर डाळ हवी, पालेभाजी हवी, बाळंतिणीला चार घास जास्त हवेत, हे आपल्या घरांत माहीतच आहे. तिथे शिकवतात ते वेगळं, आणि त्याची गोष्ट मी शिकले त्या इमारतीच्या भिंतीवरच कोरलेली आहे.

लंडनच्या केपेल स्ट्रीटवर 'लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन' ही संस्था आहे. संस्था १८९९ची, आताची इमारत १९२९ची. बाल्कनीच्या कठड्यांवर सोनेरी डास, पिसू, ऊ, उंदीर, साप बसवलेले आहेत. वर दगडात सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या थोरांची नावं आहेत. मी शिकत होते तेव्हा ती तेवीस होती आणि तेवीसही पुरुषांची. २०१९ साली तीन स्त्रियांची नावं त्यांत आली : फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मारी क्युरी आणि अ‍ॅलिस बॉल. तुमच्या मुलीला ती दिसतील, याचा मला फार आनंद वाटतो. पण आपल्याला हवं ते नाव जुन्यांतलं आहे, जेम्स लिंड.

लिंड आरमारात डॉक्टर होता. लांबच्या सफरीवर खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्या सुजून रक्त यायचं, बऱ्या झालेल्या जखमा पुन्हा उघडायच्या, आणि माणसं पटापट मरायची. मे १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावर लिंडने बारा आजारी खलाशी निवडले, होता होईल तितके एकसारखे. त्यांच्या सहा जोड्या केल्या. बाकीचं जेवण सगळ्यांना एकच. फरक फक्त एका गोष्टीचा : एका जोडीला सायडर, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, अशा सहा तऱ्हा. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली. पण तोवर त्या दोघांतला एक कामावर उभा राहिला होता.

लिंडने हे पुस्तकात छापलं १७५३ साली. ब्रिटिश आरमाराने जहाजांवर लिंबाचा रस नेमाने द्यायचं ठरवलं ते १७९५ मध्ये. म्हणजे एका जहाजावर कळलेली गोष्ट बाकीच्या जहाजांवर पोचायला ४८ वर्षं गेली. लिंबात गुण आहे हे ओळखणं हे एक काम. ते लिंबू खलाशाच्या हातात का पडत नाही, कुठे अडतं, कुणामुळे अडतं, पडलं तर खरंच फरक पडला का, हे शोधणं दुसरं. तुमची मुलगी हे दुसरं काम शिकायला निघाली आहे.

आता आपल्याकडे या. अंगणवाडी योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ रोजी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी राहिलेल्या मुलांचं, प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होतं. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ वर आलं. आणि २०१९-२१ मध्ये ३५.२. दहा वर्षांत बारा टक्के उतरलेली गोष्ट पुढे जागची हलली नाही. का? अंगणवाड्या त्याच होत्या, आहारही येत होता. घराघरांत मोबाइल आले, रस्ते झाले. मग कुठे अडलं? मुलांना खाऊ घाला, एवढं म्हणून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी मोजावं लागतं, तुलना करावी लागते, स्वतःच्या आवडत्या कारणावरही शंका घ्यावी लागते. या शिस्तीला एपिडेमिऑलॉजी म्हणतात, मराठीत रोगपरिस्थितिविज्ञान. नाव अवघड आहे, पण त्याचा गाभा लिंडच्या त्या सहा जोड्यांतच आहे.

पहिली टर्म जवळजवळ सगळी मोजण्यात जाते. संगणकावर 'स्टाटा' नावाची प्रणाली, समोर हजारो मुलांच्या वजन-उंचीचे आकडे, आणि बाहेर चार वाजताच अंधार. पोषणाच्या वर्गात अन्नाचं नाव नाही, नुसती संख्याशास्त्राची गणितं, म्हणून बरेच जण पहिल्या महिन्यात हिरमुसतात. मीही त्यांतलीच. पण एक दिवस आम्हाला उंची मोजायला दिली. दहा विद्यार्थ्यांनी एकाच माणसाची उंची आळीपाळीने मोजायची, एकमेकांना न सांगता चिठ्ठीवर लिहायची, मग दहाही आकडे फळ्यावर मांडायचे. आकडे जुळले नाहीत. एकाच माणसाच्या उंचीत दोन सेंटीमीटरचा फरक आला, आणि तो माणूस तर मोठा, शहाणा, हलत नसलेला होता.

अंगणवाडीत काय होतं ते तुमच्या मुलीने पाहिलंच असेल. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची असते. एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे, आणि मूल जीव खाऊन रडत असताना आकडा वाचायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापांनुसार दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलग्याची उंची ८१ सेंटीमीटरच्या खाली असली तर तो खुजा, ७८च्या खाली असली तर तीव्र खुजा. दोन्हींत अंतर तीन सेंटीमीटरचं. मदतनीस आली नाही आणि सेविकेने एकटीनेच मोजलं, तर एक सेंटीमीटर सहज इकडचा तिकडे होतो. मग एखाद्या गावात कुपोषण वाढलं की नुसती मापं बदलली, हे कसं ओळखायचं? वर्तमानपत्रात 'कुपोषण वाढले' असा मथळा आला की मी आधी मापं कुणी आणि कशी घेतली ते विचारते. ही सवय मला त्या दहा चिठ्ठ्यांनी लावली.

इथे काही वडीलधारे विचारतात, की ही मापं गोऱ्या मुलांची असणार, आपली मुलं जात्याच बारीक चणीची. शंका रास्त आहे, म्हणूनच तिचं उत्तर ठाऊक असायला हवं. २००६ साली जाहीर झालेल्या या मापांसाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली होती. आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीतली होती. आईचं दूध, पुढे पुरेसं अन्न, स्वच्छ पाणी आणि वेळेवर उपचार मिळालेली. पाच वर्षांपर्यंत या सहा देशांतली मुलं उंचीने जवळपास सारखी वाढली. धडगावचं मूल बुटकं राहतं ते त्याच्या रक्तात बुटकेपणा असतो म्हणून नाही.

आता एक प्रसंग सांगते, कारण 'तिथे काय शिकवतात' याचं उत्तर माझ्यापुरतं त्यात आहे. माणूस काय खातो हे कळण्यासाठी 'चोवीस तासांची आठवण' नावाची पद्धत वापरतात. काल उठल्यापासून आज उठेपर्यंत काय काय खाल्लं ते विचारायचं. आधी भराभर यादी करायची, मग विसरलेलं काढायचं (चहा, हातावरचा गूळ, मुलाच्या ताटात उरलेला घास), मग प्रत्येकाचं प्रमाण. याचा सराव आम्ही जोडीने करायचो. माझी जोडीदार इथिओपियाची होती. मी सांगितलं, दुपारी एक भाकरी आणि एक वाटी आमटी. तिने विचारलं, भाकरी केवढी? मी हाताने दाखवली. किती जाड? वाटी केवढी? मला सांगता येईना. आमच्या घरात तीन आकारांच्या वाट्या होत्या, आणि तिन्हींना आम्ही वाटीच म्हणायचो. आमटी पातळ की घट्ट? पाहुणे आले की आई तिच्यात पाणी वाढवायची. हे फॉर्मवर कुठे लिहायचं?

मग माझी पाळी. तिच्या घरी एकाच मोठ्या ताटात इंजेरा पसरतात, वर कालवण, आणि सगळे भोवती बसून त्याच ताटातून जेवतात. मी विचारलं, तू किती खाल्लंस? ती हसली. म्हणाली, आमच्यात हे कुणी मोजत नाही, मोजणं वाईट दिसतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी बराच वेळ बोललो. तिच्या गावी घास भरवून प्रेम दाखवतात. माझ्या आजोळी बायका सगळ्यांची जेवणं झाल्यावर बसायच्या, आणि तळाची आमटी त्यांच्या वाट्याला यायची. त्यात डाळीचा गाळ राहिलाय की नुसतं पाणी, हे त्या दिवशी किती पाहुणे होते त्यावर ठरायचं. फॉर्ममध्ये 'एक वाटी आमटी' एवढंच येणार. पहिल्या वाटीची आणि शेवटच्या वाटीची किंमत कोष्टकात एकच. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१चं सर्वेक्षण सांगतं. त्या आकड्यात ही शेवटची वाटीही आहे, हे मला इथे घरी राहून कधी सुचलं नव्हतं. रोजचीच गोष्ट, त्यामुळे डोळ्यांना दिसत नव्हती. दुसऱ्या देशाच्या मुलीने 'वाटी केवढी' असं विचारलं तेव्हा दिसली. परदेशी शिकण्याचा सगळ्यात मोठा लाभ माझ्या मते हाच आहे. तीस-चाळीस देशांची माणसं एका बाकावर येतात आणि प्रत्येकाला आपल्या घरातलं रोजचं दुसऱ्याला समजावून सांगावं लागतं.

अभ्यासक्रमातली आणखी एक गोष्ट मला आजही कामी येते. एल्सी विडोसन ही आहारशास्त्रातली फार मोठी बाई. मॅकन्स या सहकाऱ्याबरोबर तिने १९४० साली अन्नघटकांची कोष्टकं प्रसिद्ध केली, आणि तिथल्या विद्यार्थ्याच्या हातात त्यांची नवी आवृत्ती आजही असते. (आपली स्वतःची कोष्टकं आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ अन्नपदार्थांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. मुलीला ती सोबत न्यायला सांगा.) दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या दोन अनाथालयांतल्या मुलांना विडोसन वर्षभर मोजत होती. दोन्हीकडे शिधा सारखा. सहा महिन्यांनी एका ठिकाणी जादा पाव, जॅम आणि संत्र्याचा रस सुरू केला. अपेक्षा साधी होती : तिथल्या मुलांची वजनं वाढतील. वाढली उलट दुसरीकडची, जिथे जादा काहीच दिलं नव्हतं. शोध घेतल्यावर कळलं, की नेमकी जादा अन्न सुरू झालं त्याच वेळी जादा काही न मिळणाऱ्या घरातली कडक अधीक्षिका बदलून जादा अन्नाच्या घरात आली होती. ती जेवणाच्या वेळी मुलांना सगळ्यांसमोर फाडून बोलायची. मुलं रडायची, ताटातलं निवून जायचं. तिची लाडकी आठ मुलं तिच्याबरोबरच आली होती, ती मात्र छान वाढली. १९५१ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आपल्याकडे 'आहार पोचला' एवढा रकाना भरला की काम झालं असं मानतात. तो खायला घालणारं माणूस कोण, ते थकलेलं आहे का, त्याला वेळेवर मानधन मिळतं का, मूल भरवून घेतं का, याला रकाना नाही. अंगणवाडी सेविकेच्या मानधनाचा प्रश्न हा मुलांच्या वजनाचाही प्रश्न आहे, असं मी बैठकांमध्ये सांगते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती अधीक्षिका असते.

आता आजोबांच्या मुख्य प्रश्नाकडे. पोरं सातपुड्यात आणि शिक्षण विलायतेत, हे उफराटं नाही का? थोडं आहे. मला लंडनच्या वर्गात पहिल्यांदा ज्या बाळांबद्दल सविस्तर शिकवलं, ती पुण्याजवळच्या सहा गावांतली होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून त्या गावांतल्या बायकांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवली. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू खूप कमी, पण चरबी मात्र फारशी कमी नाही. दिसायला हडकुळं, आतून चरबी राखून असलेलं, असं हे बाळ. पुढे त्यालाच मधुमेहाचा धोका जास्त. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी आपलं दोघांचं छायाचित्र छापलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. ही पुण्याची गोष्ट मी थेम्सच्या काठी शिकले. पण ज्ञान तयार झालं होतं ते इथे, इथल्या बायकांच्या नोंदींतून.

उलट दिशेची उदाहरणंही आपल्याच राज्यात आहेत. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. त्याच विद्यापीठातून १९८४ साली पदवी घेऊन डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. गावातल्या बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, आणि लिंडसारखीच तुलना करून बंग दांपत्याने १९९९ साली दाखवून दिलं, की त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. जॉन्स हॉपकिन्स आहे त्या बाल्टिमोरमध्ये गोंडी कुणी शिकवत नाही, नवजात बाळाला ऊब कशी द्यायची हेही नाही. त्यांनी तिथून आणली ती मोजून सिद्ध करण्याची रीत. ती नसती तर गडचिरोलीच्या बायकांचं काम 'चांगली समाजसेवा' म्हणून कौतुकापुरतं राहिलं असतं. आकडे होते म्हणून ते सरकारला घ्यावं लागलं.

केपेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावरून गावर स्ट्रीटला वळलं की पाच मिनिटांवर युनिव्हर्सिटी कॉलेज लागतं. तिथून मी रोज जायचे, आणि एक माणूस तिथे शिकून गेला हे मला फार उशिरा कळलं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकले, १९३६ साली युनिव्हर्सिटी कॉलेजातून संख्याशास्त्रात पीएच.डी. झाले, आणि पुढे रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून सुमारे वीस वर्षं जगाची भूक मोजत राहिले. साठच्या दशकात जगभर गाजावाजा होता, की गरीब देशांत प्रथिनांचा तुटवडा आहे, म्हणून प्रथिनांची खास पावडर पुरवा. सुखात्मे ठामपणे सांगत होते, की तृणधान्य आणि डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनं त्यातूनच मिळतात. तुटवडा आहे तो पोटभर अन्नाचाच. पुढे शास्त्राचा कल त्यांच्याच बाजूने गेला. त्यांची दुसरी मांडणी मात्र वादात सापडली. माणसाची ऊर्जेची गरज रोज एकच नसते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नये, असं ते म्हणत. डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणशास्त्रज्ञांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण रेघ खाली ओढली की कागदावरची भूक कमी होते आणि रेशनही. मला यात गोपालन यांची बाजू पटते. पण हा वाद मुलीने मुळातून वाचावा. उपाशी कोण, हे ठरवणारी रेघ कागदावरच ओढली जाते, आणि ती ओढणाऱ्यांच्या खोलीत बुध गावचा एक माणूस होता. धडगावची एक मुलगी का नसावी?

'तिथे कोण उपाशी आहे?' याचंही उत्तर आजोबांना द्या. आहेत. ब्रिटनमधल्या ट्रसेल या एकाच संस्थेच्या फूड बँकांनी २०२३-२४ मध्ये ३१ लाखांहून जास्त शिधापिशव्या वाटल्या. मी तिथे शनिवारी अशाच एका केंद्रावर जायचे. शिकवणी घेणारी एक बाई यायची. पिशवी घेताना ती आधी आजूबाजूला बघायची, कुणी ओळखीचं नाही ना. रेशनच्या रांगेत उभी राहिलेली नवी सून असंच बघते.

आता बाकीचे प्रश्न, थोडक्यात.

तिकडे आहारतज्ज्ञाची नोकरी मिळेल का? या पदवीवर नाही. ब्रिटनमध्ये 'डाएटिशियन' ही कायद्याने राखलेली उपाधी आहे आणि त्यासाठी वेगळं शिक्षण व नोंदणी लागते. या एम.एस्सी.तून संशोधन, धोरण, संस्थांचे कार्यक्रम, सर्वेक्षणं या बाजूच्या वाटा उघडतात. शिक्षणानंतर तिथे थांबण्याचा व्हिसा आहे, पण त्याचे नियम अलीकडे कडक होत चालले आहेत. तिथेच स्थायिक होण्याच्या हिशोबाने हा विषय निवडू नये, असं मी स्पष्ट सांगते.

कर्ज काढावं का? घर किंवा शेत तारण ठेवून, नाही. फी आणि लंडनमधलं राहणं धरून हे एक वर्ष पन्नास लाखांच्या आसपास जाऊ शकतं. पोषणाच्या कामात इथे मिळणाऱ्या पगारातून तेवढं कर्ज फेडताना मुलगी तिला आवडणारं काम सोडून भलत्याच नोकरीला लागेल. मग ज्यासाठी गेली तेच हातचं जाईल. त्यापेक्षा शिष्यवृत्तीसाठी एक वर्ष थांबावं. कॉमनवेल्थ आणि चेव्हनिंग या ब्रिटनच्या शिष्यवृत्त्या आहेत. चेव्हनिंगला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि परत येऊन निदान दोन वर्षं मायदेशात राहावं लागतं. तिच्या बाबतीत ती अट नसून आशीर्वादच आहे. १८९२ पासूनची जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूप शिष्यवृत्ती मुंबईतून मिळते. तुम्ही अनुसूचित जातीचे वा नवबौद्ध असाल, तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जर्मनीच्या डाड संस्थेच्याही याच विषयासाठी शिष्यवृत्त्या आहेत, आणि तिथली फी इंग्लंडपेक्षा पुष्कळ कमी.

शिष्यवृत्ती नाहीच मिळाली तर वाईट वाटून घेऊ नका. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत पोषणाची. मोजण्याची शिस्त तिथेही तितकीच कडक आहे. दुसऱ्या देशांच्या जोडीदारणी मात्र तिथे कमी मिळतील, एवढा फरक मान्य करायला हवा.

तुमच्या मुलीने एक गोष्ट फार चांगली केली आहे. ती आधी धडगावला गेली आणि मग लंडनला निघाली. पदवी झाल्याझाल्या थेट विमानात बसलेली मुलं मी वर्गात पाहिली. हुशार होती, पण त्यांच्याकडे प्रश्न नव्हता, त्यामुळे प्रबंधाचा विषय त्यांना प्राध्यापकांकडून उसना घ्यावा लागला. तिने दोन वर्षांत पाहिलेल्यांपैकी कुठली गोष्ट तिला कळली नाही? ते एका पानावर मराठीत लिहून काढायला सांगा. पावरी बोलणाऱ्या ज्या सेविकांबरोबर तिने काम केलं, त्यांना जाण्याआधी भेटून विचारायला सांगा, की तुम्हाला काय कळत नाही, मी काय शिकून येऊ? ते पान तिच्या प्रबंधाचा पहिला खर्डा ठरेल.

आणि सामानाबद्दल. ज्वारीचं पीठ देऊ नका, ते लंडनमध्ये वेंबलीच्या दुकानांत मिळतं. घरातली रोजची वाटी मात्र द्या. देण्याआधी तिच्यात पाणी भरून, किती मिलिलिटर मावतं ते आजोबांच्या हाताने मोजून घ्या.